ऑन द वे, इन द वे आणि आपली वाट

नोकरीला लागून सहा-सात महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. मीटिंगला उशीर होत होता, मी अजून रस्त्यातच होते, आणि जिच्यासोबत मीटिंग होती त्या बाईंची मातृभाषा इंग्रजी, त्यामुळे धावपळीत फोनवर टाइप केलं, "सॉरी, आय ॲम इन द वे, विल बी देअर इन टेन मिनिट्स" आणि पाठवून दिलं. लगेच त्यांचं उत्तर आलं, "यू आर नेव्हर इन द वे! सी यू सून." मला वाटलं किती प्रेमळ बाई आहे, पण ते "नेव्हर" मध्येच कुठून आलं ते काही कळेना. मीटिंग झाली, विषय डोक्यातून गेला. मग बऱ्याच महिन्यांनी ऑफिसात एकजण कपाट सरकवत होता आणि म्हणाला, "कॅन यू मूव्ह दॅट चेअर, इट्स इन द वे" आणि मी खुर्ची उचलता उचलता तिथेच थांबले. म्हणजे मी त्या बाईंना लिहिलं होतं की सॉरी, मी अडचण करतेय, दहा मिनिटांत पोचते. आणि त्यांनी उत्तर दिलं होतं की तुझी कधीच अडचण नसते.

तेव्हापासून हा वे शब्द माझ्या मागे लागला तो लागलाच. शाळेत आपण पाठ करतो, वे म्हणजे मार्ग, रस्ता, पद्धत, झालं. पण ह्या शब्दाचा अर्थ अर्धा त्याच्यात असतो आणि अर्धा त्याच्या आधी जो छोटासा शब्द येतो त्याच्यात असतो, म्हणजे ऑन, इन, बाय, अंडर, आउट ऑफ, आणि काही वेळा तर आधी काहीच नसतं आणि ते काहीच नसणंही बरोबर असतं. सगळ्यात जास्त चुका मी ह्याच शब्दात केल्या आणि आता दुसऱ्यांचं इंग्रजी तपासताना सगळ्यात जास्त लाल रेघाही मी ह्याच शब्दापाशी मारते, म्हणून म्हटलं एकदा सगळं बसून लिहूनच काढू.

माझी चूक आली कुठून ते आधी सांगते. मराठीत आपण म्हणतो "मी वाटेत आहे" आणि आपण असंही म्हणतो "वाटेत खुर्ची आहे, सरकव." दोन्हीकडे वाटेत. तोच शब्द, तोच त. पहिल्या वाक्यात मी चाललेय, दुसऱ्यात खुर्ची कुणाला तरी चालू देत नाहीये, पण आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही, समजतं. इंग्रजीत ही दोन कामं दोन शब्दांनी वाटून घेतलीयेत. ऑन द वे म्हणजे वाट ही एक रेघ आहे आणि तुम्ही तिच्यावर पुढे सरकताय. इन द वे म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी जायला जी मोकळी जागा हवी होती तिच्यात तुम्ही आहात. म्हणून इन द वे ला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द वाटेत नाहीच, आड किंवा आडवा हा आहे. "डोन्ट स्टँड इन माय वे" म्हणजे माझ्या आड येऊ नकोस. आणि हे फक्त खुर्च्या-कपाटांपुरतं नाही, "शी डझन्ट लेट हर फिअर गेट इन द वे ऑफ हर वर्क" म्हणजे भीती कामाच्या आड येऊ देत नाही. इथे वे च्या पुढे ऑफ येतो हेही लक्षात ठेवा, गेट इन द वे ऑफ समथिंग, टु नाही आणि फॉर पण नाही.

ऑन द वे आणि ऑन माय वे ह्यातही एक बारीक फरक आहे जो मला खूप उशिरा कळला. "आय ॲम ऑन माय वे" म्हणजे मी निघालेय, येतेय. ऑन द वे पण ह्या अर्थाने चालतं, "हेल्प इज ऑन द वे" म्हणजे मदत निघालीये, पण ऑन द वे चं अजून एक काम आहे, जाताना मध्ये काय लागतं ते सांगायचं. "देअर इज अ लायब्ररी ऑन द वे", जाताना मध्ये एक लायब्ररी लागते. लायब्ररी कुठेही निघालेली नाही, ती आपल्या रेघेवर आहे एवढंच. इथे ऑन माय वे टाकलं तरी चूक नाही, पण मग ती माझ्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची लायब्ररी होते.

आता पुढचा खड्डा, ऑन द वे टु होम. हे इतकं सर्रास लिहिलेलं दिसतं की वाचून वाचून बरोबर वाटायला लागतं. ऑन द वे टु द ऑफिस बरोबर, ऑन द वे टु स्कूल बरोबर, ऑन द वे टु वर्क पण बरोबर, पण होम आलं की टु गळतो, ऑन द वे होम. का? तर होम हा शब्द इथे नाम म्हणून येतच नाही, "घराकडे" असा अख्खा अर्थ तो एकटाच पोटात घेऊन येतो. आणि हे आपल्याला अवघड वाटायचं काही कारणच नाही, कारण मराठीत आपण नेमकं हेच करतो! आपण "शाळेला जाते" म्हणतो, "ऑफिसला जाते" म्हणतो, पण "घराला जाते" कुणी म्हणतं का? "घरी जाते". घरी ह्या शब्दात ते जाणं आधीच बसलेलं आहे, वरून ला लावायची गरज नाही. मी हे ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांची ही चूक परत कधी झालेली नाही, कारण नियम पाठ करायला लागत नाही, घरी आणि होम एकमेकांशेजारी ठेवले की काम होतं. हिअर, देअर आणि बॅक पण ह्याच पंक्तीतले. ऑन माय वे बॅक. ऑन द वे हिअर.

सगळ्यात घट्ट रुतून बसलेली चूक मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे "बाय धिस वे". "बाय धिस वे वुई कॅन सेव्ह टाइम." हे वाक्य मी रिपोर्टमध्ये पाहिलंय, ईमेलमध्ये पाहिलंय, चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या लोकांच्या तोंडी ऐकलंय. आणि ते कुठून येतं तेही स्पष्ट दिसतं, आपल्या ने मधून. "ह्या पद्धतीने", "ह्या मार्गाने", "अशा रीतीने", सगळीकडे ने आहे आणि शाळेत आपल्याला तृतीया विभक्ती म्हणजे बाय असं बसवून दिलेलं असतं, बसने म्हणजे बाय बस, ट्रेनने म्हणजे बाय ट्रेन, मग ह्या पद्धतीने म्हणजे बाय धिस वे. तर्क अगदी सरळ आहे, फक्त इंग्रजीला तो मान्य नाही. इंग्रजीत पद्धत ही एखाद्या वाहनासारखी हातात धरायची वस्तू नाही, तुम्ही तिच्या आत असता, म्हणून "इन धिस वे". "इन द सेम वे", "इन अ डिफरंट वे", "इन सच अ वे दॅट". आणि बोलताना तर हा इन पण बऱ्याचदा गाळतात, "डू इट धिस वे", "लेट्स ट्राय इट अनदर वे", "आय डिड इट माय वे", सगळं बरोबर. थोडक्यात इन ठेवा नाहीतर काहीच ठेवू नका, पण बाय ठेवू नका.

गंमत अशी की वे च्या ऐवजी मेथड शब्द घेतला तर "बाय धिस मेथड" चालतं! म्हणजे अर्थ तोच, शब्द बदलला की आधीचा शब्द बदलतो. म्हणूनच मी म्हणते की प्रेपोझिशन अर्थावरून ठरवायला जाऊ नका, ते नामासोबत जोडीने येतं, जोडीनेच लक्षात ठेवावं लागतं.

दिशा विचारताना तर त्या ने चं काहीच होत नाही. "कुठल्या वाटेने आलीस?" ह्याचं इंग्रजी "विच वे डिड यू कम?" एवढंच. बाय नाही, फ्रॉम नाही, थ्रू नाही. "धिस वे, प्लीज" म्हणजे इकडून या. "शी वेंट दॅट वे" म्हणजे ती तिकडून गेली. मला आधी हे वाक्य अपुरं वाटायचं, वाटायचं काहीतरी राहिलंय, आणि मी उगाच मध्ये काहीतरी घुसवायचे.

पद्धत ह्या अर्थाने वे वापरताना पुढे काय येतं ते बघू, कारण इथे पण भरपूर पडझड होते. दोन रूपं आहेत, वे टु आणि वे ऑफ. "द बेस्ट वे टु लर्न अ लँग्वेज" आणि "अ गुड वे ऑफ लर्निंग अ लँग्वेज". दोन्ही बरोबर. टु च्या पुढे साधं क्रियापद, ऑफ च्या पुढे आयएनजीवालं. ह्यांची अदलाबदल झाली की वाक्य पडतं, "वे ऑफ लर्न" नाही आणि "वे टु लर्निंग" पण नाही, आणि "वे फॉर लर्निंग" हे जे आपण "शिकण्यासाठी मार्ग" वरून करतो ते तर नाहीच. फॉर येऊ शकतो पण तो माणसासाठी, "द ओन्ली वे फॉर हर टु पास", तिला पास व्हायचा एकच मार्ग. मी स्वतः असं धरून चालते की बेस्ट, ओन्ली, ईझिएस्ट, फास्टेस्ट असं काही आधी आलं की टु घ्यायचा, तो जास्त सहज वाटतो, आणि एखाद्या माणसाची ढब, लकब, शैली सांगायची असली की ऑफ घ्यायचा. "हिज वे ऑफ टॉकिंग", त्याची बोलायची ढब. "वे ऑफ लाइफ", जगण्याची रीत. "हिज वे टु टॉक" म्हटलं की ती लकब राहत नाही, काहीतरी वेगळंच होतं.

आणि द वे हाऊ. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, खरं सांगते. "आय लाइक द वे हाऊ शी एक्सप्लेन्स." आपल्या डोक्यात असतं "ती जशी समजावते ती पद्धत", जशी आणि ती, जोडी, म्हणून इंग्रजीतही दोन शब्द टाकावेसे वाटतात. पण द वे मध्ये तो हाऊ आधीच आहे. एकतर "आय लाइक द वे शी एक्सप्लेन्स" नाहीतर "आय लाइक हाऊ शी एक्सप्लेन्स". दोघांपैकी एकालाच घरात घ्यायचं. फारच औपचारिक लिहायचं असेल तर "द वे इन विच", आणि तिथे बघा परत तोच इन आला.

आता एक गोष्ट जी मला मनापासून आवडते. वाट हा शब्द पद्धत ह्या अर्थाने का वापरतात? इंग्रजीत मार्ग आणि पद्धत एकाच शब्दात कशी काय आली? मला वाटायचं हा इंग्रजीचाच काहीतरी स्वभाव असेल. पण आपला पद्धत हा शब्दच बघा ना, संस्कृत पद्धती, पद् म्हणजे पाय आणि हति म्हणजे आघात, पायांनी तुडवून तुडवून झालेली ती पद्धती, म्हणजे मुळात पायवाट! पायवाटेची रीत झाली. आणि इंग्रजीतला मेथड शब्द ग्रीकमधून आला, त्याच्यात होडोस आहे, होडोस म्हणजे रस्ता. तीन भाषा, तिघींनी हेच केलं, आधी लोक एका वाटेने चालले, मग "असंच करायचं असतं" ह्यालाही वाटेचंच नाव दिलं. हे वाचल्यापासून वे चे दोन अर्थ मला दोन वाटतच नाहीत.

नात्यागोत्याचंच निघालं म्हणून सांगते, वे हा शब्द जुन्या इंग्रजीत वेग् असा होता आणि त्याचं मूळ आणि आपल्या संस्कृतातल्या वह् धातूचं मूळ एकच आहे. वह् म्हणजे वाहून नेणं. वाहन, वाहतूक, वाहक, अगदी विवाहसुद्धा त्याच वह् मधला. इंग्रजीत त्याच घरातले वॅगन आणि वे (वजन करणं ह्या अर्थाचा, ज्याच्यावरून वेट आला), आणि लॅटिनवरून आलेला व्हेइकल. म्हणजे वाहन आणि व्हेइकल चुलत भावंडं आणि वे त्यांच्या घरातला. आणि मग आपली वाट? ती वे ची बहीण नाही बरं का, आवाज थोडा सारखा आहे म्हणून फसायला होतं. वाट आली संस्कृत वर्त्मन् वरून, वर्त्म म्हणजे चाकाची चाकोरी, मार्ग, मूळ धातू वृत्, फिरणं, वळणं. आणि ह्या वृत् चं नातलग इंग्रजीत आहे टुवर्ड मधलं वर्ड, होमवर्ड मधलं वर्ड, म्हणजे "त्या दिशेला वळलेलं". मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.

ऑलवेज मध्ये पण वे आहे, ऑल आणि वे, आणि अवे म्हणजे मुळात "ऑन वे", वाटेला लागलेला, म्हणजे इथून गेलेला. आपण "वाटेला लावलं" म्हणतो ना कुणाला, तसंच.

बाय द वे कडे येते, कारण हा एक तुकडा आपण मराठी बोलतानाही दिवसातून दहा वेळा वापरतो. इथला बाय म्हणजे शेजारी, कडेला. वाटेच्या कडेला. म्हणजे मुख्य विषयाच्या वाटेने चाललो होतो, कडेला एक गोष्ट दिसली ती सांगून टाकली. मराठीत "जाता जाता" किंवा "बरं का", ह्याच्याइतका जवळचा शब्दप्रयोग दुसरा नाही. म्हणून जी गोष्ट मुख्य आहे तिच्यासाठी बाय द वे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कामाच्या ईमेलमध्ये "बाय द वे, द डेडलाइन हॅज चेंज्ड" असं तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं ही कडेची गोष्ट आहे आणि तो ती तशीच सोडतो. मला अशी मेल आली होती, मी ती तशीच सोडली होती आणि एक आख्खा शनिवार त्यात गेला. अर्ज, औपचारिक पत्र, रिपोर्ट, इथे तर तो नकोच.

द जाऊन ऑफ आला की वेगळंच प्रकरण, बाय वे ऑफ. ह्याचा एक अर्थ "च्या मार्गे", म्हणजे आपण मराठीत सरळ व्हाया म्हणतो तेच. आणि व्हाया हा लॅटिन व्हिया, म्हणजे रस्ताच. आकाशगंगेला इंग्रजीत मिल्की वे म्हणतात ना, तो लॅटिन व्हिया लॅक्टिआचा, दुधाळ वाटेचा, शब्दशः अनुवाद आहे. बाय वे ऑफ चा दुसरा अर्थ "म्हणून, दाखल", बाय वे ऑफ एक्झाम्पल म्हणजे उदाहरणादाखल. बोलण्यात कमी येतो, लिहिण्यात छान दिसतो.

मग इन अ वे. एक छोटासा अ आणि अडचणीची खुर्ची गायब. इन द वे म्हणजे आडवं, इन अ वे म्हणजे एका अर्थी. "इन अ वे, शी इज राइट", एका अर्थी तिचं बरोबर आहे, म्हणजे पूर्ण नाही पण आहे. इन सम वेज म्हणजे काही बाबतीत, इन मेनी वेज म्हणजे अनेक बाबतीत, इन एव्हरी वे म्हणजे सर्व बाबतीत. इथे वे चा अर्थ ना रस्ता ना पद्धत, बाबतीत. आणि इन नो वे वाक्याच्या सुरुवातीला आलं की पुढची रचना उलटते, "इन नो वे ॲम आय रिस्पॉन्सिबल", ॲम आधी आणि आय नंतर, प्रश्नासारखं, पण प्रश्न नाही. "इन नो वे आय ॲम" असं लिहिलेलं खूपदा दिसतं, ते उलटं करून घ्या. बोलताना नुसतं "नो वे!" म्हणजे शक्यच नाही, ते सगळ्यांना येतं.

आता मी आधी म्हटलं की वाटेत मुळे माझी फसगत झाली, तर वाटेमुळे सुटलेलेही पुष्कळ आहे ते सांगायलाच हवं, नाहीतर वाटेवर अन्याय होईल. आपली वाट पण वे सारखीच आहे, तिच्यापुढचं क्रियापद किंवा प्रत्यय बदलला की ती पण रंग बदलते. वाट बघणं, वाट लागणं, वाट काढणं, वाट चुकणं, वाट मोकळी करून देणं. "त्याच्या वाटेला जाऊ नकोस" म्हणजे त्याला डिवचू नकोस. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ह्याचं काय करायचं? आपण तर कधी पाठ केलं नाही, ऐकत ऐकत आलं. (वाट्याला येणं मधला वाट्या मात्र वाटा ह्या शब्दाचा आहे, तो वेगळा.)

तर कुणासाठी मुद्दाम वळसा घालून जातो, त्रास घेतो, तेव्हा आपण म्हणतो "वाट वाकडी करून आली". इंग्रजीत "शी वेंट आउट ऑफ हर वे टु हेल्प मी". नेहमीच्या वाटेच्या बाहेर गेली. जवळजवळ चित्रच तेच! फक्त लक्षात ठेवा की हर, हिज, माय असं कुणाचं तरी वे असावं लागतं आणि पुढे टु आणि क्रियापद. आडवाटेचं गाव म्हणजे ॲन आउट ऑफ द वे व्हिलेज. गर्दीतून वाट काढत पुढे जाणं म्हणजे "शी मेड हर वे थ्रू द क्राउड", आणि इथे इंग्रजीने कमाल केलीये, मेड च्या जागी जवळपास कुठलंही योग्य क्रियापद टाकता येतं, पुश्ड हर वे, फॉट हर वे, फेल्ट हर वे, म्हणजे ढकलत, भांडत, चाचपडत वाट काढली. मराठीत आपण तेच "त" लावून करतो, ढकलत ढकलत, चाचपडत. आणि अश्रूंना वाट मोकळी करून दिली, ह्याला इंग्रजीत "शी गेव्ह वे टु टिअर्स". गिव्ह वे चा एक अर्थ वाट देणं, ब्रिटनमध्ये रस्त्यावर त्रिकोणी पाटीवर हेच लिहिलेलं असतं, अमेरिकेत तिथे यील्ड लिहितात. आणि दुसरा अर्थ कोसळणं, "द रूफ गेव्ह वे". भार पेलवेना, वाट देऊन टाकली.

अंतर सांगताना एक. "इट्स फार" हे चूक नाही पण नुसतं असं सहसा म्हणत नाहीत, प्रश्नात आणि नकारात फार येतो, "इज इट फार?", "नो, इट इजन्ट फार", आणि होकारात "इट्स अ लाँग वे". फ्रॉम हिअर लावायचं असेल तर लावा. ऑल द वे म्हणजे पार शेवटपर्यंत, "शी वॉक्ड ऑल द वे टु द टॉप", पार वरपर्यंत चालत गेली. हा "पार" आणि ऑल द वे अगदी फिट बसतात.

अंडर वे म्हणजे वाटेच्या खाली नाही हे सांगायला हवं. काम सुरू आहे, चाललंय. "प्रिपरेशन्स आर अंडर वे". हा डच खलाशांच्या भाषेतून आला, डचमध्ये ऑंडरवेग म्हणजे वाटेवर, प्रवासात. नांगर उचलण्याला इंग्रजीत वे ॲंकर म्हणतात, तो वजनवाला वे, त्यामुळे पूर्वी बरेच इंग्रज लोकसुद्धा अंडर वे चं स्पेलिंग वजनवाल्या वे चं करायचे. म्हणजे हा शब्द ज्यांचा आहे तेही त्यात अडखळलेत.

बाकीचे भराभर सांगते. हॅव अ वे विथ, "शी हॅज अ वे विथ चिल्ड्रन", मुलांना कसं घ्यायचं ते तिला बरोबर जमतं, इथे विथ. गेट युअर ओन वे, आपलंच खरं करून घेणं, इथे काहीच नाही. सेट इन हिज वेज, त्याच्या सवयींत मुरलेला, इथे वेज अनेकवचनी, एक वे चालत नाही. द अदर वे राउंड, उलट. आणि "वे टू मेनी", "वे बेटर" मधला वे हा नाम नाहीच, तो खूप, कितीतरी ह्या अर्थाचा अवे चा तुकडा आहे, बोलताना मस्त, औपचारिक लिखाणात नको.

परवा ऑफिसमधल्या एकीने चौदा पानांचा रिपोर्ट तपासायला दिला. द वे हाऊ दोनदा, बाय धिस वे एकदा, ती तीन ठिकाणं दहा मिनिटांत झाली. चौथ्या ठिकाणी मात्र आम्ही दोघी अर्धा तास बसलो. तिने लिहिलं होतं "देअर इज नो वे टु नो", मला "देअर इज नो वे ऑफ नोइंग" लिहावंसं वाटत होतं. दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही लिहितात. मी तिला म्हटलं मोठ्याने वाच. तिने आधी पहिलं वाचलं, मग दुसरं, मग परत पहिलं, आणि म्हणाली की ताई, दुसऱ्यात कसं, थोडं हताश वाटतंय, कळायला वावच नाही असं, आणि इथे मला तेच म्हणायचंय. मग आम्ही ऑफ नोइंग ठेवलं.